अर्धी ओवी

“कमळे, नुसता हात ठेवून बसू नको, वढ की!”

अकरा वर्षं झाली हा आवाज ऐकून. जात्याच्या खुंट्याला हात लावताच कमलम्माच्या कानात तो जसाच्या तसा उठला. समोरची जागा रिकामी होती. तिथं जगदेवी बसायची. दोघींचं माहेर देवणी, एकाच मांडवात लग्न लागून एकाच गावात आलेल्या. दळायला बसल्या की जगदेवी ओवीची पहिली ओळ टाकायची, कमलम्मा दुसरी जोडायची.

आज जगदेवीच्या लेकीची, महानंदाची हळद दळायची होती. पत्रिकेवर पहिल्यांदाच ‘जिल्हा लातूर’ छापून आलं होतं. पाऊस मात्र यंदाही नव्हता.

“जिल्हा बदलला, हीर काय बदलली न्हाई,” जगदेवीची जाऊ नागुबाई जात्यात हळकुंडं टाकत म्हणाली. महानंदाला तिनंच वाढवलं होतं. “कमळाक्का, कर सुरू. आईच्या जागी तूच.”

कमलम्मानं ओढलं. जातं जड आलं. मग एकाएकी हलकं झालं. तिनं वर पाहिलं. नवरीच समोर येऊन बसली होती, खुंट्यावर तिच्या हाताला हात लावून.

“ऊठ गं पोरी! आपली हळद आपूनच दळतेत व्हय? लई घाई झाली का नवऱ्याची?” बायका खिदळल्या.

महानंदा हसली नाही. ओढत राहिली. दर तिसऱ्या फेऱ्याला खुंटा जरासा अडवून सोडायची जगदेवीची खोड होती. तिसऱ्या फेऱ्याला खुंटा अडला, सुटला. पुढच्या तिसऱ्याला पुन्हा. मग पोरीनं तोंड उघडलं.

तापली खडीची वाट, घसा पडला गं कोरडा…

“अगं बया, ही ववी कुठं शिकलीस?” नागुबाईनं विचारलं.

“काय की काकी. तोंडात आली.”

बहात्तरच्या दुष्काळात दोघी मैत्रिणी खडी फोडून झऱ्याला जायच्या. त्या दिवशी झरा आटला होता, दोघी रिकाम्या परतल्या, वाटेत जगदेवीला ऊन लागलं. गावाला एवढंच ठाऊक होतं. ही ओळ जगदेवीनं त्या वाटेवर म्हटली होती, मरायच्या घटकाभर आधी, हसत. ऐकायला कमलम्माशिवाय कुणी नव्हतं.

“पुरी कर की, कमळाक्का,” नागुबाई म्हणाली. “लग्नघरात अर्धी ववी ठेवू नये.”

जातं थांबलं. महानंदा टक लावून बघत होती. तिचा हात ताप आलेल्या माणसासारखा चटचट लागत होता.

“जगूची घागर वाटंत सांडली,” कमलम्मा म्हणाली. “माझ्याकडं बघून तिनं ही ववी म्हनली. घरी माझी लेकरं दोन दिसांपासनं तहानलेली. मी म्हनले, माझीबी रिकामीच हाय.”

“सांडली?” नागुबाईचा हात हळकुंडावरच राहिला. “झरा तर आटलेला न्हवं?”

कमलम्मानं पोरीचा हात सोडला नाही.

“न्हाई आटला. माझी घागर काठोकाठ हुती, महानंदा, जगूला दिसत हुती. आधी घरी नेऊन रांजनात वतली, मंग मानसं बोलवली.”