पुलावरचा माणूस

आखातात, गुदैबियातल्या भाड्याच्या खोलीत आधीचा भाडेकरू एक जपानी चित्र भिंतीवर तसंच सोडून गेला होता. पाऊस, डोंगर आणि रिकामा पूल.

"हे लाकडी ठशांनी छापतात," जवळच्या हिद्दला रंगकाम करणारा सुजीत बायकोला, संघप्रियाला, म्हणाला. "आधी काळ्या रेषा, मग एकेका रंगाचा वेगळा ठसा."

एका सकाळी संघप्रियाला पुलावर नुसत्या रेषांचा माणूस दिसला. हातात सुजीतच्यासारखाच जेवणाचा डबा.

संध्याकाळी त्या माणसाचे कपडे निळे झाले. सुजीतचा कामावरचा निळा बॉयलर सूट मात्र पांढराफटक होऊन आला.

सकाळी चित्रातले हात सावळे झाले. सुजीतचे कागदासारखे पांढरे पडले होते.

"आज नका ना जाऊ!"

"मग शिफ्ट कोण करणार, हा पुलावरचा?" तो हसत गेला.

संध्याकाळी चित्रातला चेहरा रंगला. सुजीतचाच. तेवढ्यात बेल वाजली.

"यल्ला, चल लवकर, दार उघड गं," बाहेरून सुजीतचा आवाज आला.

दारात डबा घेऊन नुसत्या काळ्या रेषा उभ्या होत्या.