नातवंडाचं सुख

पाहुणे आले की सासूबाईंचं पालुपद सुरू व्हायचं, "हिला मूल नको म्हणे! नातवंडाचं सुख नाही हो माझ्या नशिबात."

आज सुनेला खोडी सुचली. आत्येसासूबाईंसमोर ती लाजत म्हणाली, "आई, तुमच्यासाठी आम्ही मनावर घेतलंय. बाळ झालं की मी लगेच कामावर रुजू होईन. दिवसभर सांभाळायला तुम्ही आहातच!"

नुकत्याच पोहण्याच्या क्लासहून आलेल्या सासूबाईंच्या हातातली बशी कलंडली. सुनेला दंडाला धरून त्यांनी स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.



"अगं, चारचौघांत बोलावं लागतं तसं! आमच्या वेळी 'नको' म्हणायची सोय नव्हती. आत्ता कुठे मला पाठीवर तरंगायला जमतंय. चल, बाहेर जाऊन 'नको' म्हण, मी कपाळाला हात लावते."