सोमवारचं डाउनलोड

अंध माणसांना स्क्रीनवरचं मराठी मोठ्यानं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर कोल्हापुरातला मोहसीन नोकरी सांभाळून फुकट चालवायचा. नव्या कॉम्प्युटरवर ते विनातक्रार चालायचं, पण जुन्या प्रोसेसरसाठी दर आठवड्याला वेगळी आवृत्ती काढावी लागे आणि त्या खटपटीत त्याचा अख्खा रविवार जाई. ही जुनी आवृत्ती सगळ्या जगात एकच जण घ्यायचा. पण घ्यायचा मात्र न चुकता, दर सोमवारी सकाळी.

"अब्बा, पन्हाळ्याला कधी जायाचं?" तहरीम विचारायची.

"पुढच्या रविवारी नक्की. एक जण माझ्या भरवशावर बसलाय की गं."

"कोण हाय कोण त्यो, आमच्यापेक्षा जवळचा?" त्याची बायको आयेशा आतून ओरडायची.

अशी सहा वर्षं गेली. तहरीमनं पन्हाळ्याचं नाव काढायचंच सोडून दिलं.

गेल्या महिन्यात मोहसीनच्या टेबलाखालचा जुनापुराणा कॉम्प्युटर जळाला आणि भंगारात गेला. त्यानंतरच्या सोमवारी डाउनलोडचा आकडा शून्य. पुढच्या सोमवारीही शून्य. आजारी पडला असंल का बिचारा? मोहसीनला राहवेना. त्यानं पहिल्यांदाच जुन्या नोंदी उघडल्या आणि त्या माणसाचा ठावठिकाणा शोधला.



पत्ता त्याच्याच घरचा निघाला. नवी आवृत्ती दर सोमवारी आपोआप उतरवून तपासायचं काम टेबलाखालच्या त्या कॉम्प्युटरला सहा वर्षांपूर्वी त्यानंच लावून दिलं होतं.