जो साप होईल

“साप कोण होणार?” खेळ चालवणाऱ्या मुलीने विचारलं आणि टेबलाजवळच्या दोघी खुदकन हसल्या. तिसरी हसली नाही. ती या घरची नात होती आणि चिठ्ठी तिची होती.

स्वयंपाकघरात आजोबा कप विसळत होते. चौतीस वर्षं आगीच्या बंबावर काढलेला माणूस. गुडघे कामातून गेले होते, कान मात्र शाबूत होते. बाहेर काय चाललंय ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. या मुली फासे टाकून गोष्टीचा खेळ खेळायच्या. किल्ले, राक्षस, जादूगार, असला. खेळ चालवणारीला त्या सूत्रधार म्हणत. नव्या भिडूने स्वतः रचलेला एक मंत्र आणायचा, बाकीच्यांनी तो पारखायचा. पास झाला तर खुर्ची पक्की, नाहीतर चहा पिऊन घरी. नात तर घरातच बसली होती, तिला पळून जायचीही सोय नव्हती. तीन आठवडे तिने खोडरबर झिजवला होता.

सूत्रधाराने नातीच्या मंत्राची चिठ्ठी पुन्हा वाचली. “अग्निवर्तुळ. वीस फुटांत आग. हानी आठ फासे. जो साप होईल त्याला हानी नाही.”

हसणाऱ्या दोघींतल्या चष्मेवालीने आकडे मांडले. आठ फाशांची सरासरी अठ्ठावीस, एवढा जीव टोळीत कुणाकडेच नाही. आणि साप व्हायची विद्याही कुणाला येत नाही. “म्हणजे शत्रूची राख, आणि त्यातच आपली,” ती म्हणाली. दुसरीला वेगळीच काळजी, साप भाजत नाही असं कुठे लिहिलंय?

नात गोंधळली. साप व्हायला विद्या कशाला लागते, ती पुटपुटली. साप तर कुणीही होतं. पालथं पडायचं, सरपटत सुटायचं. तुमच्या घरी नाही म्हणत?

कुणाच्याच घरी म्हणत नव्हते. नातीचे कान लाल झाले.

आजोबांच्या हातातला कप हातातच राहिला. तो शब्द त्यांच्या गाडीवरचा होता. धुरात लांबलचक बोलायला वेळ नसतो. पुढचा ओरडायचा, साप, की मागचे सगळे जमिनीला चिकटायचे. नात चार वर्षांची असताना दोन खुर्च्यांवर चादर ताणून त्यांनीच तिला साप व्हायला शिकवलं होतं. पोरगी अकरा वर्षं तो सगळ्या जगाचा शब्द समजत आली होती.

हात पुसत ते दारात आले. मंत्राचं तुम्ही बघा, म्हणाले, शब्द तेवढा माझा आहे. मग थोडक्यात सांगितलं, की धूर वर चढतो आणि जमिनीलगत हवा उरते. किती, असं चष्मेवालीने विचारलं. तिला सगळं मोजूनच लागायचं. आजोबांनी अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली.

“वीतभर. तेवढी पुरते.”

सूत्रधाराने कानामागची पेन्सिल काढली, चिठ्ठीवर टेकवली, पण लिहिलं काहीच नाही. मग तर मंत्र फुसकाच झाला, ती म्हणाली. पालथं पडून वाचता येत असेल तर शत्रूही पडतील की.

“शत्रूला कोण सांगतंय?” नात म्हणाली. ती आता खुर्चीत पुढे सरकली होती. “मंत्र टाकायच्या आधी मी ओरडणार, साप. तुम्ही पडणार. आणि ते...”

“ते पायाशी साप शोधत उभे राहणार,” चष्मेवाली सावकाश म्हणाली. “आत्ता आपण शोधला तसा.”

मग सूत्रधाराने आठ फासे नातीपुढे सरकवले. टाकून बघू, म्हणाली. किल्ल्याचं कोठार, चाळीस दरोडेखोर, मधोमध आपण. फासे नातीच्या एका मुठीत मावेनात, तिने ओंजळ केली.

“आजोबा, तुमच्या गाडीवर सगळे पडायचे?” सूत्रधाराने विचारलं.

“ऐकू गेलं तर,” आजोबा म्हणाले आणि कपांकडे वळले.

“मग मोठ्याने ओरड गं,” सूत्रधार नातीला म्हणाली.

“साप!”

तिन्ही डोकी एकदम खाली गेली. चष्मा लाकडावर खट्कन आपटला. फासे गडगडत टेबलभर पसरले.

किती पडले ते आजोबांना दिसलं नाही. त्यांचा एक हात ओट्याच्या कडेला होता, दुसरा लादीवर, आणि दहा वर्षांत न वाकलेले गुडघे वाकले होते.