जांभळा रंग

कॉम्प्युटरच्या टर्मिनलमध्ये लिंक म्हणजे नुसती पाटी. खरी फाइल भलत्याच फोल्डरात असते. म्हणून मी सगळ्या लिंकांना जांभळा रंग दिला, तर आमचे साहेब खेकसले, "काढ तो रंग! लिंक आणि फाइल सारख्याच दिसल्या पाहिजेत."

का, ते कळलं आणि शिसारीच आली. त्यांच्या फोल्डरात स्वतःची म्हणावी अशी एक फाइल नव्हती. सगळ्या माझ्या फायलींच्या लिंका!

बढतीच्या बैठकीत त्यांचं वर्षभराचं 'काम' पडद्यावर दाखवायला मलाच बसवलं. मी गुपचूप रंग परत लावला. पडदा वरपासून खालपर्यंत जांभळा झाला.

"वा! रंग काय सुरेख आहे हो," मोठे साहेब म्हणाले.

आमचे साहेब चक्क लाजले. "मीच निवडलाय."