आज समुद्र शांत राहील

शेवंतीच्या टीव्हीवरचं चित्र कायम चौकोनांत फुटायचं. काल सिग्नलचा नवा बूस्टर बसला आणि चित्र आरशासारखं लख्ख झालं. आज पहाटे निवेदिका म्हणाली, "समुद्र शांत राहील." मुलगा रमाकांत कुरकुरत होता, तरी शेवंतीनंच त्याला होडीवर पाठवलं. दुपारी वारा फिरला, तरी निवेदिका तेच सांगत होती.

तिनं बूस्टरवाल्या दिगंबरला बोलावलं. तो छपरावर चढला, तपासून खाली उतरला.

"काकी, टॉवर काल सांजेकच पडलो. सिग्नलच नाय."

"मगे ही बाई बोलता ती?"

"सिग्नल नाय मिळालो की बूस्टर टीव्हीसमोरच्याचा बोलणा ऐकून पुढचा चित्र नि बोलणा आपणच रचता. तुमका चित्र फुटलेला नको होता ना?"

खिडकीतून जेटी दिसत होती. तिथं एकही होडी नव्हती. शेवंती टीव्हीकडे वळली. "माझो रमाकांत खंय आसा?"

निवेदिका क्षणभर थांबली, मग हसली. "रमाकांतची होडी सुखरूप बंदराला लागली आहे."

पडद्यावर भिजलेला रमाकांत जेटीवर चढत होता.

दिगंबरनं बटणाकडे हात नेला.

"ऱ्हवांदे," शेवंती म्हणाली आणि पडद्यासमोर खाली बसली.