पुढचं वाक्य

"माझी आई नेरूळच्या बाजारात मासळी विकते," एवढं बोलून नमिता थांबली. पुढचं वाक्य तिला पाठ होतं. पण सभागृहाच्या मागच्या दारातून तिचे बाबा आत येताना दिसले.

बाबांनी, गोटीरामनी, गुळगुळीत दाढी केली होती. लग्नकार्याला घालायचा पांढरा शर्ट अंगात होता. शेवटच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर ते अवघडून बसले आणि लेकीकडे बघून हसले. नमिताने त्यांना बोलावलंच नव्हतं. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेच्या कार्यक्रमाचं तिने फक्त आईच्या कानावर घातलं होतं, तेही रविवारचा बाजार सोडून आई येणार नाही हे माहीत असताना.

पुढचं वाक्य असं होतं : 'माझ्या वडिलांनी दारूपायी होडी विकली, आणि दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर माझी पुस्तकं रद्दीत घातली.'

त्यात खोटं काहीच नव्हतं. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत नमिताने स्वतःच ते रडत रडत सांगितलं होतं. संस्था चालवणाऱ्या सुचित्रा मॅडमनी तेव्हा तिला जवळ घेतलं होतं. संस्थेने फी भरली, पुस्तकं दिली, आणि तेव्हापासून ती दर रविवारी मॅडमच्या संस्कारवर्गाला जाऊ लागली. आता ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. सारसोळ्यातल्या त्यांच्या आळीतून नर्सिंगला गेलेली पहिलीच मुलगी.

भाषणाची तालीम चालली होती तेव्हा ती एकदा म्हणाली होती, "मॅडम, बाबांचं नको ना."

"का गं? खरंच घडलंय ना ते?" मॅडम समजुतीने म्हणाल्या होत्या. "खऱ्याची लाज कशाला? तुर्भ्याची मुलं शिष्यवृत्तीसाठी थांबलीयेत. देणाऱ्यांना कळायला नको का, ही मुलं कशातून येतात ते?"

वर्गात खरं बोलण्यावर मॅडमचा सगळ्यात जास्त भर असायचा. नमिताने ते वाक्य पाठ केलं होतं.

समोर पहिल्या रांगेत श्यामसुंदर साने बसले होते. वाशीत त्यांचा मोठा व्यवसाय होता, आणि तुर्भ्याच्या मुलांचं पुढचं वर्ष त्यांच्या देणगीच्या होकारावर अडलं होतं. ते घड्याळाकडे बघत होते. नमिता विसरली असं वाटून मॅडमनी कडेने हळूच आठवण करून दिली, "माझ्या वडिलांनी..."

नमिताने हातातला कागद खाली केला. माईक मात्र तोंडाशीच राहिला.

"बाबा," ती म्हणाली, "सांगू का?"

सगळ्या माना मागे वळल्या. बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. लेक कशाबद्दल विचारतेय ते त्यांना कळलं होतं. क्षणभर त्यांनी दाराकडे बघितलं. ते आता उठून निघून जाणार, असं नमिताला वाटलं. ते उठले खरे. पण पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून तिथेच उभे राहिले.

"सांग, बाय," ते म्हणाले. "पन आता सोडलीय, ते पन सांग."

ते कागदावर नव्हतं. गणपती विसर्जनापासून बाबांनी थेंब घेतला नव्हता. पहिले काही दिवस त्यांचे हात इतके थरथरायचे की आई त्यांना स्वतःच्या हाताने भरवायची. आता ते चुलतभावाच्या होडीवर जात होते. घरात मात्र यावर कोणी चकार शब्द काढत नसे. बोललं तर मोडेल, अशी तिघांनाही भीती होती.

नमिताने सगळं सांगितलं. होडीचं सांगितलं, पुस्तकांचं सांगितलं. मग त्या थरथरणाऱ्या हातांचं सांगितलं. सोडायचं ठरवल्यानंतर जेट्टीकडच्या दारूच्या दुकानावरून जावं लागू नये म्हणून बाबा लांबचा रस्ता धरायचे, तेही सांगितलं. कागद एकदाही वर घ्यावा लागला नाही. शेवटी ती म्हणाली, "ते माझे बाबा," आणि खाली उतरली.

टाळ्या वाजल्या. श्यामसुंदर सान्यांनी मात्र वाजवल्या नाहीत. ते मान खाली घालून बसून राहिले. ते बघून मॅडमचा चेहरा उतरला, पण त्या तिथे थांबल्या नाहीत. सरळ शेवटच्या रांगेपर्यंत गेल्या, "दादा, पुढे चला," म्हणाल्या आणि बाबांना घेऊन पहिल्या रांगेत आल्या.

कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलापाशी गर्दी झाली. बाबा भिंतीला लागून उभे होते. नमिता त्यांच्यासाठी चहा घेऊन निघाली, तेवढ्यात तिला साने गर्दीतून वाट काढत येताना दिसले. मॅडम लगबगीने पुढे झाल्या. "साहेब, मुलगी जरा वेगळंच बोलली, पण..."

"तुर्भ्याचं पक्कं धरा, मॅडम," ते न थांबताच म्हणाले आणि बाबांसमोर जाऊन उभे राहिले.

बाबा सावरून उभे राहिले. आता साहेब काही बोलणार, बहुधा उपदेश करणार, या तयारीनेच.

सान्यांनी आजूबाजूला पाहिलं. आवाज अगदी खाली आणला. हातात चहाचे कप धरून उभ्या असलेल्या नमितालाही तो जेमतेम ऐकू आला.

"दादा," ते म्हणाले, "माझ्या मुलाला एकदा भेटाल का?"